काचेच्या कपाटाची किल्ली

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री आणि शालेय शिक्षणाची धोरणे ठरवणारे सर्व अधिकारी,
महाराष्ट्र राज्य

विषय : शाळेच्या प्रयोगशाळेत वस्तू फुटण्या-संपण्यालाही मान्यता मिळण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या शिक्षणाचे महत्त्व पटवून देण्यासाठी हे पत्र लिहीत नाही. ते आपल्याला पटलेले आहे, आणि आपल्या आधी त्या खुर्च्यांवर बसलेल्यांनाही पटलेले होते. ४ मार्च १९५८ चा वैज्ञानिक धोरणाचा ठराव माझ्या जन्माच्याही आधीचा. डॉ. दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९६६ मध्ये सांगितले की शाळेच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान आणि गणित प्रत्येक मुलाला शिकवा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. त्यानंतर १९८३, २००३, २०१३ अशी विज्ञान-तंत्रज्ञानाची धोरणे येत राहिली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर अनुभवातून शिकण्याचा उल्लेख ठिकठिकाणी आहे.

तेव्हा महत्त्व मान्य आहे की नाही, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला. मी आयुष्यभर अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले, आता निवृत्त आहे. मंत्रालयातून निघालेली ही मान्यता वर्गातल्या मुलाच्या हातापर्यंत पोचता पोचता नेमकी कुठे अडते, तेवढेच मला सांगायचे आहे. माझ्या मते ती एका नोंदवहीपाशी अडते.

शाळेत वस्तू आली की जडसंग्रह नोंदवहीत चढते. आम्ही सगळे तिला डेडस्टॉक म्हणतो. टेबल, खुर्ची, लोखंडी कपाट, घंटा, आणि कितीतरी शाळांत त्याच वहीत परीक्षानळ्या, चंचुपात्रे, भिंगे, तापमापी. वर्षअखेरीला पडताळणी होते. मुख्याध्यापक निवृत्त झाले किंवा विज्ञान शिक्षक बदलले की कार्यभार देता-घेताना पुन्हा मोजदाद. टेबलाचे काही बिघडत नाही, ते जागेवरच असते. परीक्षानळी मात्र वापरली तर फुटते. तापलेली नळी थंड पाण्याखाली धरली की तडकते, आणि पन्नास मुलांच्या वर्गात कोणीतरी ती धरतेच. फुटलेल्या वस्तूचे निर्लेखन करायचे असते, म्हणजे तिचे नाव नोंदवहीतून रीतसर कमी करायचे. त्यासाठी यादी करा, समिती बसवा, ठराव घ्या, मंजुरीसाठी वर पाठवा, मंजुरी येईपर्यंत काचा खोक्यात जपून ठेवा. काही रुपयांच्या नळीपायी इतके सव्यापसव्य करण्यापेक्षा शहाणा माणूस काय करील? कपाटाला कुलूप लावील.

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला हे शहाणपण कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत. चार्ज घेताना एखादा ज्येष्ठ सहकारीच खांद्यावर हात ठेवून सांगतो, "सर, किल्ली तुमच्याकडे आली. आता फुटलं तर तुमचं." एवढे एक वाक्य पुरते. आहेरात आलेला काचेचा सेट शोकेसमध्ये जसा वर्षानुवर्षे पाहुण्यांची वाट बघतो, तशी ही उपकरणे तपासणी अधिकाऱ्यांची वाट बघत राहतात. तपासणीत ती पूर्ण भरतात. शेरा येतो : प्रयोगशाळा सुसज्ज.

मला कोणत्याही अधिकाऱ्याला दोष द्यायचा नाही. सार्वजनिक पैशांनी घेतलेल्या वस्तूचा हिशेब ठेवायलाच हवा. लेखा विभागातल्या मंडळींनी तर मुळीच वाईट वाटून घेऊ नये, कारण चंद्रशेखर वेंकट रामन हे त्यांच्याच बिरादरीतले. १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षे ते सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते, आणि कचेरीच्या वेळेआधी नि वेळेनंतर कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करत. ती संस्था १८७६ मध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकवर्गणीतून उभी केली होती. नोकरीतल्या माणसाला तिच्या प्रयोगशाळेत संध्याकाळी उपकरणांना हात लावता येत होता, हे महत्त्वाचे. त्याच संस्थेत २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामाचा शोध लागला, आणि १९८७ पासून आपण तो दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो. कसा साजरा करतो? भाषणे होतात, रांगोळी स्पर्धा होते, फलकावर रंगीत खडूने रामन यांचे चित्र निघते. त्या दिवशी किती शाळांच्या प्रयोगशाळांची कुलुपे निघतात, हे एकदा विचारून बघा.

आता पैशांचे. शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांना 'समग्र शिक्षा' या शासकीय योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळते. पट शंभरच्या वर आणि अडीचशेपर्यंत असेल तर वर्षाला ५०,००० रुपये. हजाराच्या वर पट गेला तर १ लाख. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. उरलेल्यात वीज, पाणी, इंटरनेट, दुरुस्ती, खेळाचे साहित्य, शैक्षणिक साहित्य, आणि याच रांगेत प्रयोगशाळाही. अनुदानित शाळांचे वेतनेतर अनुदान असेच दहा दिशांना फाटलेले असते, शिवाय ते वेळेवर येईल याची खात्री नसते. रांगेत प्रयोगशाळेचे नाव आहे, त्यामुळे तरतूद नाही असे कोणी म्हणू शकत नाही. पण विजेचे बिल थकले तर कंपनी जोडणी तोडते. मॅग्नेशियमची फीत संपली तर कोणीच काही तोडत नाही. मुख्याध्यापक आधी कोणते बिल भरणार?

याच्या शेजारी केंद्र शासनाची अटल टिंकरिंग लॅब ही योजना ठेवून बघा. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान : १० लाख उभारणीला आणि १० लाख पाच वर्षे चालवायला. थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचे संच. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढच्या पाच वर्षांत शासकीय शाळांत अशा ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा झाली. मी या योजनेवर टीका करणार नाही. उलट तिच्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते : उभारणीइतकाच पैसा चालवण्यासाठीही लागतो, हे तिथे शासनाने स्वतःच कबूल केले आहे. मग हेच तत्त्व शाळेच्या जुन्या, साध्या, ओट्याला आम्लाचे डाग पडलेल्या प्रयोगशाळेला का लागू होत नाही? रोबो बनवणाऱ्या मुलांची छायाचित्रे चांगली येतात, हे खरे. पण बाजूच्या खोलीत विजेचा प्रवाह मोजणारा एकही धड अ‍ॅमीटर नसताना थ्रीडी प्रिंटरवर छापलेली की-चेन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पाहुण्यांना देणे, याला तंत्रज्ञानाचे शिक्षण म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कोणी म्हणेल, पैशांची एवढी काय गरज, टाकाऊतून टिकाऊ करा. हा सल्ला शिक्षकाने शिक्षकाला दिला तर उत्तम. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांतून भूमिती हातात दिली. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेली खेळणी देशभर पोचली. पण हाच सल्ला तरतूद नाकारताना शासनाच्या तोंडी शोभत नाही. स्ट्रॉची बासरी होते, तापमापी होत नाही. लिटमसऐवजी जास्वंदीचा किंवा हळदीचा रस चालतो. पण अ‍ॅमीटरच्या जागी काय चालेल?

अरविंद गुप्तांचा विषय निघाला म्हणून सातपुड्यापलीकडची एक गोष्ट आठवण करून द्यावीशी वाटते. १९७२ मध्ये मध्य प्रदेशच्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक वेगळा प्रयत्न सुरू झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्था पुढे होत्या, राज्य शासनाने परवानगी दिली. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक, म्हणजे आपल्याकडच्या सहावी ते आठवीच्या शाळांत गेला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने तो इतर जिल्ह्यांत वाढवला. मुलांच्या टोळ्या करायच्या, टोळीच्या हातात साहित्य द्यायचे, निष्कर्ष त्यांनाच काढू द्यायचा. फूल उलगडायला सुई नसेल तर बाभळीचा काटा. शिक्षकांची दर महिन्याला बैठक, तिथे अडलेल्या प्रयोगांची चर्चा. आणि माझ्या मते यातले सर्वांत धाडसाचे पाऊल परीक्षेत होते : लेखी परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा, आणि त्याशिवाय खरीखुरी प्रात्यक्षिक परीक्षा. प्रयोग हा अभ्यासक्रमाचा दागिना नव्हता, तोच अभ्यासक्रम होता. तीस वर्षे चाललेला हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य शासनाने बंद केला. त्यावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले, वाद झाले. मी त्यातून एवढेच घेतो की साध्या सरकारी शाळांत, साध्या शिक्षकांकडून, व्यवस्थेच्या आत राहून हे जमते. आणि व्यवस्थेने मनावर घेतले तर एका आदेशाने संपतेही.

परीक्षेकडे येतो, कारण वहीनंतरचे दुसरे कुलूप तेच आहे. दहावीला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुण, आणि २० गुण अंतर्गत. हे २० गुण कसे दिले जातात ते आपल्याला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, आणि पालकांनाही माहीत आहे. लेखीत सोळा-सतरा मिळवणारे मूल त्या अठरा-एकोणीस गुणांच्या आधाराने तरून जाते. शिक्षक ते गुण देतात त्यात माया असते आणि निकालाच्या टक्केवारीचा धाकही असतो. प्रात्यक्षिकाची वही भरलेली असते. ओहमच्या नियमाचा आलेख बघा : साठ वह्या, साठ सरळ रेषा, सगळ्या आरंभबिंदूतून जाणाऱ्या, सगळे बिंदू रेषेवर. तक्ता मार्गदर्शिकेतून उतरवलेला. ज्याने खरोखर परिपथ जोडला त्या मुलाची रेषा इतकी शहाणी नसते. कुठे जोडणी सैल असते, कुठे काटा नीट वाचलेला नसतो, आणि साध्या वाहक तारेऐवजी टॉर्चचा बल्ब लावला असेल तर तापल्यामुळे रोध वाढून आलेख चक्क वाकतो. ते मूल वही घेऊन येते आणि विचारते, "सर, माझं चुकलं का?" या प्रश्नापासून पुढची अर्धी तासिका विज्ञान घडते. हा प्रश्न विचारणारे मूल पूर्ण गुणांच्या योग्यतेचे आहे. पण आजच्या पद्धतीत त्याला एक गुण कमी पडेल, कारण आलेख उत्तरसूचीशी जुळत नाही.

अकरावी-बारावीबद्दल तर बोलावे तितके थोडे. भौतिकशास्त्राला ७० गुण लेखी, ३० प्रात्यक्षिक. रसायन, जीवशास्त्राला तसेच. पण वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेला १८० बहुपर्यायी प्रश्न आणि ७२० गुण, बारावीचे गुण निव्वळ पात्रतेपुरते. प्रवेशाच्या शर्यतीत ज्याला किंमत नाही ते कोण करणार? मुले नावाला कनिष्ठ महाविद्यालयात आणि दिवसभर क्लासमध्ये. २०१८ मध्ये शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. हेतू चांगला होता, पण प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी काही घडत नसेल तर अंगठा उमटवून काय होणार? एकदाही ब्युरेट हातात न धरता टायट्रेशनवरच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देणारी हुशार मुले मी पाहिली आहेत. ती पुढे इंजिनिअर, डॉक्टर होतात. त्यांना पहिल्यांदा उपकरण हाताळावे लागते तेव्हा ती किती बावरतात, ते महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना विचारा. प्रवेशपरीक्षा आपल्या एकट्याच्या हातात नाहीत, हे मान्य. मंडळाची प्रात्यक्षिक परीक्षा मात्र आहे.

चांगले तेही सांगितले पाहिजे. २०२३ मध्ये एनसीईआरटी या केंद्रीय संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती आणि आवर्तसारणी वगळल्याची बातमी आली, देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात त्या काळातही पहिल्या भागात मूलद्रव्यांचे आवर्ती वर्गीकरण होते आणि दुसऱ्या भागाचा पहिलाच धडा आनुवंशिकता व उत्क्रांती होता. याचे श्रेय बालभारतीच्या विषय समितीला दिलेच पाहिजे. पुढच्या अभ्यासक्रमातही हे धडे राहतील एवढे पाहावे. आपल्याकडे माणसांचीही वाण नाही. १९७४ पासून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र मुंबईत आहे, १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद आहे, आणि गावोगावी पदरमोड करून प्रयोग दाखवणारे शिक्षक आहेत. ते नियम मोडून काम करतात, म्हणजे डेडस्टॉकच्या बाहेरचे साहित्य स्वतःच्या पैशांनी आणतात, कारण ते फुटले तर कोणाला जाब द्यावा लागत नाही. शिक्षकाने पगारातून आणलेली नळी मुलांच्या हातात आणि शासनाने दिलेली कपाटात, हा काय प्रकार आहे?

मनुष्यबळाचे थोडक्यात लिहितो, कारण त्यावर निवेदनांचे ढीग आपल्याकडे आधीच आहेत. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला विज्ञान-गणिताचा स्वतंत्र शिक्षक सांगितला आहे; तो जिथे नाही तिथे आधी तो द्या. प्रयोगशाळा सहायकाचे पद रिक्त झाले की ते रिक्तच राहते. साठ मुलांच्या दोन तुकड्या पाडल्या तर एका वेळी तीस मुले प्रयोगशाळेत आणि उरलेली तीस कोणाच्या भरवशावर, याचे उत्तर वेळापत्रक करणाऱ्या पर्यवेक्षकाला रोज शोधावे लागते. ते सापडत नाही म्हणून जोड तासिका कागदावर राहतात.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. काचसामान, रसायने, बल्ब, तारा, विद्युतघट हे सर्व उपभोग्य साहित्य आहे, जडसंग्रह नव्हे, असा स्पष्ट शासन निर्णय सर्व व्यवस्थापनांच्या शाळांसाठी निघावा. काही ठिकाणी आजही ते तसे समजले जाते, पण प्रत्येक शाळा स्वतःच्या धाडसावर ते करते. लेखापरीक्षकासमोर धाडस टिकत नाही, शासन निर्णय टिकतो. या साहित्यासाठी विद्यार्थीसंख्येवर बेतलेली वेगळी वार्षिक रक्कम असावी, जी विजेच्या बिलाकडे वळवता येणार नाही. ती शाळा सुरू होण्यापूर्वी मिळावी. मार्चच्या अखेरच्या आठवड्यात आलेल्या अनुदानातून कपाटच विकत घेतले जाते, कारण घाईत तेच घेता येते. लहान खरेदीला मुख्याध्यापकाची सही पुरावी. लिटमस कागदासाठी तीन दरपत्रके मागवण्यात शासनाचे काय वाचते, ते मला नोकरीभर समजले नाही.

आणि दहावीच्या त्या २० गुणांपैकी निदान १० गुणांना खरा प्रयोग असावा. मुलाच्या हातात अनोळखी द्रावण द्या, न पाहिलेले भिंग द्या, म्हणा याचे नाभीय अंतर काढ. साहित्य शाळेतलेच, परीक्षक शेजारच्या शाळेतला. उत्तर चुकले तरी चालेल. त्याने काय केले आणि का केले हे सांगता आले तर गुण द्या. पहिल्या वर्षी गोंधळ होईल, तक्रारी येतील, वर्तमानपत्रांत मथळे येतील. दोन-तीन जिल्ह्यांत आधी करून पाहा. ज्या क्षणी या १० गुणांसाठी खरोखर प्रयोग करावा लागेल, त्या क्षणी पालकच प्रयोगशाळेचे कुलूप काढायला शाळेत येतील. पालकांची ताकद मी पाहिलेली आहे.

शेवटची मागणी बिनखर्चाची आहे. शाळा तपासणीच्या प्रपत्रात प्रयोगशाळेपुढे "उपलब्ध साहित्य" असा रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना छापावा : "या वर्षी फुटलेले व संपलेले साहित्य". ज्या शाळेच्या रकान्यात शून्य असेल, तिथल्या मुख्याध्यापकांकडून लेखी खुलासा मागवावा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक